दोनदा घासलेलं हेड

उस्ताद, मी कोण ते आठवतंय का, की तिकडे वर देवाघरीही चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांना चष्मा कुठे गेला म्हणून विचारत फिरताय? दहा नंबरचा पाना हातात धरून दहा नंबरचा पाना शोधणारा माणूस मी तुमच्यानंतर पाहिला नाही. तेव्हा आपणच आठवण करून दिलेली बरी. पावणे गावच्या एमआयडीसीतल्या तुमच्या गाळ्यात मी आधी झाडू मारायचे, सामान वाहायचे, आणि मग वीस वर्षं व्हॉल्व घासले. आता लक्षात आलं असेल. तुमच्या विसराळूपणाची सगळ्यात मोठी गोष्ट तर पुढेच आहे. गाळा बंद केलात तेव्हा तुमची कामाची वही, जिच्यात हाताखालून गेलेल्या एकूणएक इंजिनाची मापं होती, ती तुम्ही दिलीत कुणाला, तर मला. जिला आपलं नावसुद्धा गिरवता येत नाही तिला. मी ती पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवली आणि दर दिवाळीला पुसून परत ठेवली. आज ती वही माझी नात वाचते. हे पत्रही तीच फोनवर लिहून घेतेय. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही बाई, उस्तादांना माझा आवाज ठाऊक आहे.

ही नात म्हणजे माझ्या धाकट्याची मुलगी. डिप्लोमा केला, दोन ठिकाणी नोकरी केली, आणि मग तुमच्या जुन्या गाळ्यामागच्या गल्लीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. गिऱ्हाईक येतं आणि तिलाच विचारतं, मेकॅनिक कुठे आहे. ती म्हणते, "जेवायला गेलाय, तोवर मी बघते." गाडी नीट होऊन निघून जाते, मेकॅनिक काही जेवून परत येत नाही. मी सकाळी तिच्याबरोबर येते, बाकड्यावर बसते, चहाचं बघते, आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देते. म्हातारपणी एवढी नोकरी पुरे.

तीन आठवड्यांपूर्वी शटरसमोर एक लाल गाडी येऊन थांबली. दोनच सीट, टप उघडायचा, पुढचा भाग नाकाड्या माणसासारखा लांब. आवाज कोपऱ्यावरून आला तेव्हाच माझ्या हातातली बशी थांबली. तुमचीच गाडी, उस्ताद. म्हणजे त्या साहेबांची, पण तुम्ही तिला कायम 'माझी लाल' म्हणायचात आणि वहिनी कान टवकारायच्या. साहेब गेले, आता गाडी त्यांच्या मुलाची. सीवूड्सला राहतो, पन्नाशीचा, बोलायला चांगला, पोटाने जरा पुढे. त्याचं दुखणं एवढंच की रविवारी सकाळी पाम बीच रोडला मित्रांच्या नव्या गाड्यांबरोबर निघतो आणि सगळे त्याला मागे टाकतात. "मला पॉवर पाहिजे," तो म्हणाला. "मॅडम, कशी द्यायची ते तुम्ही ठरवा, पण पॉवर पाहिजे." मी हळूच म्हटलं, "साहेब दहा किलो उतरले तरी गाडी सुटंल." नातीने माझ्याकडे असं बघितलं, जसे तुम्ही बघायचात.

मग ती त्याला कागदावर चित्रं काढून समजावत होती आणि मी चहा गाळत ऐकत होते. एक उपाय टर्बो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. दुसरा सुपरचार्जर. कोंबायचं काम तेच, पण पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. तिसरा, हे इंजिन उतरवून दुसरं मोठं बसवायचं. चौथा, बाहेरचं काही लावायचं नाही, आहे त्या इंजिनाच्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करायच्या, व्हॉल्व उघडणारा कॅम बदलायचा, व्हॉल्व नीट बसवायचे. यात ताकद वाढते, पण थोडीच. तो गेल्यावर तिने मला विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?" म्हटलं, "नवऱ्यासारखंच हाय की. टर्बो उशिरा उठतो, पन उठला की घर डोक्यावर घेतो. तो पट्टेवाला हाक मारताच उठतो, पन अर्धी कमाई सोताच खातो. तिसरा म्हंजे सरळ दुसरं लगीन. आनि चौथा आपलाच जुना, जरा न्हाऊमाखू घालून, केस कापून उभा केलेला." ती इतकी हसली की हातातला चहा त्या कागदावर सांडला. पण निवड केली टर्बोचीच. या धाकट्या साहेबाला आकडा मोठा हवा होता, आणि तिलाही एकदा असं काम करून दाखवायचं होतं की पुढे कुणी मेकॅनिक कुठे आहे म्हणून विचारू नये. तेही खरंच. तिने तुमची वही काढली, लाल गाडीचं पान शोधलं, हेडची जाडी वाचली आणि म्हणाली, "बघ, उस्तादांनी सगळं लिहून ठेवलंय. हेड एकदाच घासलंय, तेही बेताने. उघडायची गरजच नाही. कमी दाबाचा टर्बो सहज चालेल."

मी चहाचे कप विसळायला घेतले. उस्ताद, मला लिहिता येत नाही, पण त्या पानावरचं माप चुकीचं आहे हे मला तुम्ही ते लिहिलंत तेव्हापासून ठाऊक आहे.

आता ऐका. तो दिवस तुम्हाला वेगळाच आठवत असणार. हेड, म्हणजे इंजिनाचं ते लोखंडी झाकण, मी त्याला झाकणच म्हणायचे आणि तुम्ही चिडायचात. ते थोडं वाकलं होतं, म्हणून पुढच्या गल्लीतल्या ग्राइंडिंगवाल्या मामांकडे सपाट करायला दिलं होतं. मामांनी घासून दिलं, तुमच्या मापाप्रमाणे. ते आणायला तुम्ही मला धाडलंत. "दोन हातांत धरून आण, बाय," तुम्ही बजावलं होतं. आता मी मिठागरावर वाढलेली बाई. आमच्यात जड म्हणजे डोक्यावर. मी पदराची चुंबळ केली, हेड डोक्यावर घेतलं, एक हात कमरेवर, आणि चालले ठेक्यात. उन्हं वर आलीयेत, रस्ता खडीचा आहे, समोरून केमिकलचा टँकर येतो, मी बाजूला होते, पाय खडीवर सरकतो. चुंबळ राहते डोक्यावर आणि हेड जातं खाली, नेमकं घासलेली बाजू गटाराच्या दगडी काठावर. उचलून बघते तर हेडच्या कडेला हा असा खड्डा. तिथेच बसून राहिले. नवरा अंथरुणाला खिळलेला, तीन पोरं, आणि गाळ्यात लागून मला सहा महिनेही झाले नव्हते.

उठले आणि उलट्या पावली मामांकडे गेले. मामांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हा जायचा तर अजून बरंच घासावं लागंल. उस्तादला सांगशील ना?" म्हटलं, "सांगते की." त्यांनी खड्डा जाईपर्यंत घासलं. मी या खेपेला हेड पोटाशी धरून आणलं, तान्ह्या पोरासारखं. तुम्ही विचारलंत, "इतका वेळ?" म्हटलं, "मामा जेवत व्हते." तुम्ही त्याला वर्तमानपत्राच्या कागदाने पुसलंत, चढवलंत, आणि वहीत लिहिलंत जे मामांना सांगितलं होतं ते. मोजलं नाहीत. मामांवर तुमचा विश्वास होता, आणि दुर्दैव बघा, माझ्यावरही.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. ती गाडी सुरू झाली आणि असा आवाज दिला की शेजारच्या गाळ्यांतली माणसं लेथ बंद करून बाहेर आली. तुम्ही दोन दिवस रबराची नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटर जुळवत बसला होतात, म्हणून तुम्हाला वाटलं, ही त्याचीच करामत. साहेब चक्कर मारून आले ते केस उडालेले. "उस्ताद, काय जादू केलीत?" आणि तुम्ही लाजलात. तुम्हाला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच आनंदात संध्याकाळी तुम्ही माझ्या हातातला झाडू काढून घेतलात आणि लाकडाची काठी दिलीत, टोकाला रबराची वाटी असलेली. "उद्यापासून व्हॉल्व घासायचे. ताक घुसळतेस ना, तसंच." त्या काठीवर माझी पोरं शिकली. पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्या घासलेल्या व्हॉल्ववर रॉकेल ओतलंत, गळतं का ते बघायला चहा पिऊन होईपर्यंत थांबलात, खालून एक थेंब सुटला, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हे घासलंस की कुरवाळलंस?" मी रडले नाही. मनात म्हटलं, माझ्या चुकीला जादू म्हणतोस आणि मेहनतीला नावं ठेवतोस, उस्ताद, तुझंही काही खरं नाही.

हे सगळं माझ्या पोटात, आणि इकडे नात टर्बोचं खोकं उघडून भाग मांडतेय. मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज वाटायचं, थोडं थांबू, कदाचित साहेबच बेत बदलेल. बोलले तर तुमचं नाव जातं, त्या लाल गाडीखेरीज तुमच्याकडे मिरवायला होतं तरी काय? आणि नाही बोलले तर पोरीचं. हेड पातळ म्हणजे हवा आधीच जास्त दाबली जाते, तुमची ती जादू हीच; पण तिच्यावर टर्बोने अजून कोंबली की पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनला भोक पडतं. हे तुम्हीच मला शिकवलेलं. परवा तिने टर्बो चढवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. काटा हवा त्यापेक्षा वर गेला, चारही सिलिंडरला. तिने गेज झटकलं. शेजारून दुसरं आणलं. काटा तिथेच.

"गेज खराब दिसतंय," ती म्हणाली. "नाहीतर आत कार्बन साचला असेल. बघू, चालून जाईल."

मी म्हटलं, "गेज चांगलं हाय."

"मग?"

"हेड पातळ हाय."

"आजी, वहीत तसं नाही."

"वहीला म्हाईत नाय. मला म्हाईत हाय."

आणि सांगितलं, टँकरपासून मामांच्या अंगठ्यापर्यंत. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. पाना घेतला, हेडचे नट सोडले, हेड उतरवून मापलं. वहीपेक्षा दोन नखांइतकं कमी. मग म्हणाली, "तीन आठवडे तू इथे बसून बघत होतीस. मी लावला असता. तो माणूस भर वेगात असता आणि इंजिन फुटलं असतं तर? माझा गाळा गेला असता, ते सोड. त्याला काही झालं असतं तर?" त्या दिवशी तिने माझा चहा माझ्यासमोर ठेवला, पण बोलली नाही. मी मोठ्या आवाजात भुरका मारून बघितला, तरी नाही.

काल तिने साहेबाला बोलावलं. सरळ सांगितलं, हे इंजिन आधीच ताणून बांधलेलं आहे. टर्बो हवा तर आतले पिस्टन, हेड, सगळं बदलावं लागेल, ते करून देईन, पण मग ते तुमच्या वडिलांचं इंजिन राहणार नाही. नाहीतर याच्याच वाटा मोकळ्या करते, आकडा लहान येईल, मित्र थोडे पुढेच राहतील. तो त्या उघड्या इंजिनावर वाकला. म्हणाला, "बाबा सांगायचे, उस्तादांनी यात काहीतरी जादू केली होती. हीच का ती?" नातीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता गेलात तुम्ही, आणि मीही. ती म्हणाली, "हो, उस्तादांचीच." साहेब म्हणाला, "मग राहू द्या. आहे तेच नीट करा."

आज रविवार. आजूबाजूचे गाळे बंद, गल्लीत कुत्री झोपलेली. सकाळपासून आठही व्हॉल्व मी घासले, तळहातात काठी फिरवत, दर दोन व्हॉल्वला खांदा धरून बसत. नातीने रॉकेल ओतलं. आम्ही चहा प्यायलो. एक थेंब सुटला नाही. ती म्हणाली, "बरं आहे," आणि तेवढ्यावर आमचं भांडण मिटलं. मग मी म्हटलं, फोन काढ, एका माणसाला पत्र लिहायचंय.

आता ती विचारते, हे पाठवायचं कुठे. कामोठ्याला वहिनी आहेत, लेकीकडे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत. मागे भेटायला गेले तेव्हा सोसायटीतल्या दोन बायका बसल्या होत्या, आणि वहिनी त्यांना तुमच्या कार्बोरेटरची गोष्ट सांगत होत्या, नळी कशी कानाला लावायचात, साहेबांचे केस कसे उडाले. मला म्हणाल्या, "तूच सांग गं यांना, खरं की नाही?" मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखतचं हाय, वहिनी." मग कसलं पाठवतेस पत्र. राहू दे तुझ्या फोनातच.

एवढंच अजून लिही. मी पोरीला सांगितलं की तेव्हा नोकरीच्या भीतीने गप्प बसले. भीती होती, पहिले चार दिवस. त्यानंतर वीस वर्षं मी भीतीने गप्प नव्हते, उस्ताद. ती गाडी रस्त्यावरून गेली की तुम्ही पाना खाली ठेवून ऐकत उभे राहायचात, आणि मी व्हॉल्व घासता घासता मनात म्हणायचे, ऐक, ऐक, माझी आहे ती. मला ते फार आवडायचं.

झालं, ठेव फोन. आणि उद्या कामोठ्याला वहिनींकडे डबा पाठव. तांदळाच्या भाकऱ्या चार, सुक्या जवळ्याची चटणी, तिखट बेताचं, त्यांना आता सोसत नाही. वालाचं बिरडं वेगळ्या डब्यात घाल, आणि झाकण घट्ट लाव.