मंगळवारची पाळी

राहाता,
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. पंकजास,
थोरल्या जावेचा, जयाचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गोरक्षनाथांच्या टेम्पोतून कोपरगावला तुझ्या माहेरी पाठवते आहे. अश्विनीच्या हाताचं प्लास्टर कधी काढणार? झोपेत अजून दचकते का? तुमच्या शेळ्यांचं चारापाणी मी बघते. बांधावरून भांडण माणसांचं आहे, त्यांचं नाही.

बिबट्या अजून उसातच आहे. वनखात्याचा पिंजरा लागलाय, पण रिकामाच. बारा घरच्या आयांनी पाळीपाळीनं पोरं शाळेत न्यायची, ही कल्पना माझीच होती. सगळी एकत्र, हातात काठी, गळ्यात शिट्टी. दोन महिने कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

काल पारावर सभा झाली. काकासाहेब म्हणाले, "एका पोरीला उशीर झाला म्हनून समद्यांनी थांबायचं व्हय? उशिरा येईल त्याची जबाबदारी आईबापाची. तसा नियमच करा." बायका तुला नावं ठेवत माना डोलवत होत्या.

पंकजा, अश्विनीला उशीर झाला नव्हता.

त्या मंगळवारी पाळी माझी होती. ती तुमच्या गोठ्यापाशी दिसली. "मोठी आई, थांब!" म्हणाली. मी ऐकलं. आदल्या दिवशी तू बांधावर मला जे बोललीस, ते डोक्यात होतं. म्हटलं, येईल पळत. शिट्टी वाजवली आणि पोरं घेऊन निघाले. ती एकटी मागून धावली आणि तो उसातून बाहेर आला. गोरक्षनाथ ट्रॅक्टरवरून ओरडले म्हणून तो फिरला. ती पाटात पडली.

हे सगळं मी सभेत उभी राहून सांगितलं. मग गोरक्षनाथच म्हणाले, "वैनी, खरं बोललात. पर पोर पडली ती पडलीच." काकासाहेबांनी हात पुढं केला. मी शिट्टी काढून दिली.

तुझ्यावरचा नियम बारगळला. आता रोज दोघी जातील, आणि डोकी मोजून पुरी झाल्याशिवाय कुणी पाऊल उचलणार नाही. पण आज तीन घरांनी आपापली पोरं वेगळीच नेली. "कुनाच्या हाती द्यायची?" म्हणतात. त्यांचं चुकत नाही. मी घडी बसवली आणि मीच विस्कटली. घरटी एखाददुसरं पोर त्या वाटेनं जाताना दिसलं, तशी मी काठी घेऊन लांबून मागं चालले.

तू येऊन अश्विनीला पाळीबरोबर धाडलंस, तर बायकाही विश्वासानं पुन्हा जमतील. पण ये म्हणायला मला तोंड नाही. राग धर, बोलू नकोस. फक्त तिचा हात कसा आहे, एवढं कुणाकडून तरी कळव.

अश्विनीची मोठी आई असं लिहवत नाही, म्हणून नुसतीच,
जया