वर्षाचा येसूर

१६ एप्रिल, बुधवार. कोची

गावाहून निघायच्या आधी येसूर केला. आधी बाजरी भाजली. मग गहू, मग हरभऱ्याची डाळ. धने शेवटी, कारण ते लगेच करपतात. चैताली पलीकडं बसून मिरच्यांची देठं मोडत होती आणि ईश्वरी ती देठं गोळा करून भातुकली मांडत होती. ऊन अंगणात यायच्या आत भाजणं उरकलं, म्हशीला पाणी पाजलं आणि डबा डोक्यावर घेऊन कांडपावर गेले. गिरणीवाला शहादेव म्हणाला, "जानकीबाई, लगीन काढलं काय घरात? एवढा येसूर!" मी म्हणाले, "न्हाई रे, लेक चाललीय जावयाला भेटायला. त्यांच्या दोस्तांना द्यायचाय."

चैतालीनंच तसं सांगितलं होतं. मी विचारलंही होतं — दहा दिसाला एवढा कशाला गं? ती मान वर न करता म्हणाली, "त्यांचे दोस्त लई मागतात, आई. चमचाभर टाकला की आमटीला चव येती म्हणतात." मला किती बरं वाटलं! परदेशातली माणसं माझ्या हातचा येसूर मागतात! कढईत आणखी ओंजळभर बाजरी टाकली मी.

येसूर उन्हाळ्यात एकदाच करायचा, वर्षभर पुरेल एवढा. घरात खाणारी तोंडं किती, त्यावर माप ठरतं. दोन मोठी माणसं आणि एक लेकरू — त्या सकाळी बरोबर तेवढं माप झालं. हाताला कळलं होतं. मला नाही.

काल कळलं. चैताली आणि ईश्वरी गावाकडं परत येणार नाहीत. इथूनच जावई आदिनाथरावांबरोबर मस्कतला जाणार. परतीचं तिकीट माझ्या एकटीचं आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

कसं कळलं ते लिहून ठेवते. नाहीतर पुढं मलाच वाटेल, आपल्याला कुणीतरी नीट सांगितलं होतं.

आदिनाथराव मस्कतला वायरिंगच्या कामावर. दहा दिवसांची सुट्टी मिळाली, पण गावाकडं यायचं नाही म्हणाले. गावात आलं की सगळी सुट्टी पाहुण्यांतच जाते. कोचीला या, समुद्र बघू. चैताली म्हणाली, आई, तू पण चल, विमानात ईश्वरी मला एकटीला आवरणार न्हाई. मी आधी नको म्हणाले. मग हो म्हणाले. ईश्वरी जन्मली तेव्हापासून माझ्याच कुशीत झोपते.

परवा रात्रीचं जेवण चाललं होतं. जावई मला मामी म्हणतात. म्हणाले, "मामी, तुमी निवांत ऱ्हावा. तिथं दोन खोल्या हायत, आन् ईश्वरीची शाळा तर खालच्या गल्लीत. वरीसभरात तुमचा बी पासपोर्ट काढू."

मी म्हणाले, "कोणती शाळा?"

त्यांचा घास हातातच राहिला. "चैताली, तू मामीला सांगितलं न्हाईस?"

ती ईश्वरीच्या भातातली कढीपत्त्याची पानं वेचून काढत होती. काढतच राहिली. "सांगणार होते."

"कवा? विमानात बसल्यावर?" हे मी नाही, त्यांनी विचारलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. त्यांना वाटत होतं, मी राजीखुशीनं लेकीला पोचवायला आलेय!

मग कळलं, दिवाळीपासून चाललंय हे. दाढ दुखती म्हणून संभाजीनगरला दोनदा गेली ती पासपोर्टसाठी. ईश्वरीला कशाला नेतेस विचारलं तर म्हणाली, तिला रेल्वे दाखवते.

चैतालीच्या पहिलीच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले. ती शाळेत गेली की चित्रं बघून खालची अक्षरं लावत बसायचे. आता रोज पेपर वाचते, नकाशा वाचते. मस्कत कुठं ते ईश्वरीला नकाशात मीच दाखवलं होतं. "इथं तुझे पप्पा." माझंच बोट!

१८ एप्रिल, शुक्रवार

आज चैतालीशी बोलले नाही. तिनं दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा प्याले, पण बोलले नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सगळे होडीत बसायला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत राहिले. खोटं बोलायला आता मलाही जमतंय.

एकटी बसले की एकेक आठवतं. गाव सोडायच्या दिवशी शेजारच्या सरस्वतीबाई चैतालीची ओटी भरायला आल्या. मी विधवा, मी ओटी भरत नाही. मी आपली आत डबे बांधत होते. बाहेर बघितलं तर सरस्वतीबाई नारळ देताना डोळे पुसत होत्या. मी हसून म्हणाले, "अहो, सहलीला चाललीय, सासरी न्हाई!" त्यांनी पदरानं पुन्हा डोळे टिपले. त्यांना माहीत होतं! भिंतीपलीकडच्या बाईला माहीत, आणि एका चुलीवर भाकरी करणाऱ्या मला नाही. मी हसत होते तेव्हा दोघी काय म्हणाल्या असतील मनात?

आणि पुण्याचं विमानतळ. चैतालीची बॅग वजनात बसेना. मीच म्हणाले, माझी लुगडी काढ, मी हातात घेते, येसूर राहू दे. तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं तिला.

पुढं तपासणीत माझी पिशवी अडवली. आत अडकित्ता होता. पंडितरावांचा. ते गेल्यापासून मी सुपारी त्याच अडकित्त्यानं कातरते. वर्दीतली पोरगी मराठीच होती. म्हणाली, "आजी, हे नेता येत नाही." मी म्हणाले, "बाई, माझ्या मालकाचा हाय तो, त्यानं कुणाला मारू?" मागचा माणूस हसला. तिलाही हसू आलं, पण अडकित्ता ठेवूनच घेतला. चैताली म्हणाली, "मोठ्या बॅगेत टाकायला पायजे व्हता. सांगायचं राहून गेलं, आई."

सांगायचं राहून गेलं. तेव्हा मी तिलाच म्हणाले, जाऊ दे गं, एवढं काय!

विमान वर गेलं तसे ईश्वरीचे कान दुखले. तिला शेंगदाणे चावायला दिले, कानावर तळहात धरले. ती म्हणाली, "आजी, तुझे कोण धरणार?" चैताली दुसऱ्या बाजूला. खिडकीतून बाहेर बघत होती. वाटलं, नवऱ्याला भेटायची घाई झाली पोरीला.

२० एप्रिल, रविवार

आज बोलले. समुद्राच्या कडेला, बांधावर. आदिनाथराव ईश्वरीला पाण्यात घेऊन गेले होते. मुद्दाम गेले असणार.

मी म्हणाले, "तुला नवऱ्याकडं जायचं, त्यात काय वाईट? मी अडवलं असतं का?"

ती म्हणाली, "अडवलं नसतंस. जा म्हणाली असतीस. आन् जेवण सोडलं असतंस. माझे बापू गेल्यावर सोडलं व्हतंस तसं. मी पोटुशी, आन् तुला धरून ताटावर बसवत व्हते. तुला तसं बघून माझा पाय निघाला नसता."

"म्हणून फसवलं?"

"म्हणून तर संगं आणलं. म्हणलं, दहा दिस तरी आईला सुख द्यावं. विमान दाखवावं."

विमान! मी काय लहान लेकरू आहे, गोळी दाखवून सुई टोचायला? हे तोंडावर म्हणाले. ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. हात उचलला होता, पण परत मांडीवर ठेवला.

ती खोटं बोलली याचा राग कमी आहे. दिवाळीपासून रोज माझ्यासमोर बसून जेवली, आणि मला ओळखू आलं नाही — तो राग जास्त आहे.

खोलीवर आल्यावर तिच्या बॅगेत येसूरचा डबा बघितला. माझ्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. झाकण उघडून वास घेतला. आत हिंगाचा खडा टाकायचा राहिलाय; त्याशिवाय दोन महिन्यांत किडे होतात. खडा माझ्या पिशवीत होता. टाकला नाही. होऊ देत किडे.

२१ एप्रिल, सोमवार

हिंग टाकला. लेकरूही त्यातलंच खाणार.

२१ एप्रिल, सोमवार, संध्याकाळ

उद्या पहाटे मी निघायचं. त्यांचं विमान दुपारी.

चैताली आत्ता येऊन म्हणाली, "आई, एक सांगू? ईशू झोपेत असतानाच नीघ. उठली की मी म्हणीन, आजी बाजारात गेली. विमानाच्या नादात इसरंल ती. न्हाईतर लई गोंधळ घालंल."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. ही गोष्ट मीच तिला सांगितलेली. लहानपणी, एकदा नाही, कितीदा! माझे आईबाप ऊसतोडीला निघायचे ते आम्ही झोपेत असताना. ट्रक वेशीबाहेर उभा करायचे, आवाज येऊ नये म्हणून. सगळ्या गल्लीची तीच रीत. उठलं की आजी म्हणायची, बाजारला गेलेत, येतील खाऊ घेऊन. पहिल्या वर्षी मी वेशीपाशी जाऊन बसले. खाऊ काय असेल याचा विचार करत. रोज जायचे. आईबाप आले तेव्हा शिमगा होऊन गेला होता, आणि मी आईजवळ गेले नाही. तिनं हात पुढं केला तरी गेले नाही.

चैतालीला हे सांगायचे तेव्हा ती माझा पदर घट्ट धरायची. म्हणायची, "आई, तू मला उठवून जाशील ना?"

मी आपली पिशवी भरत राहिले. "बरं" पण म्हणाले नाही. ती मात्र "बरं" असल्यासारखी गेली.

ईश्वरी आत्ताच झोपली. एक पाय माझ्या पोटावर.

२३ एप्रिल, बुधवार. गावी, चकलांबा

काल पहाटे गाडी दाराशी आल्यावर मी ईश्वरीला उठवलं. तोंड धुतलं, मांडीवर घेतलं, पुरती जागी होईस्तोवर थांबले. चैताली दारात उभी राहून मानेनं नको नको करत होती. मी सांगितलं — आजी बाजारात जात न्हाई. आजी गावाला चालली, आन् तू आई-पप्पांसंगं मस्कतला चाललीस, आन् तिथं आजी नसणार. ती म्हणाली, "मग कवा येशील?" मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, बाळा." ती लई रडली. तिला चैतालीच्या हातात दिलं आणि गाडीत बसले.