भिंतीकडची खाट

बुधवार, ८ मार्च १९९५
गाझियाबाद

सामान पोचलं: ट्रंका तीन, पिंप एक, गाद्यांची वळकटी, पाटा-वरवंटा, आणि कापसात गुंडाळलेले देव. स्टेशनपासून टेम्पो १८० रु. (मागत होता अडीचशे), हमाल ३०. नवीन घेतलं: केरसुणी ११, बादली ४५, जुना कूलर ७००. कूलर ह्यांनी घेतला, मी नकोच म्हणत होते. दूध नऊ रुपये लिटर, पण साय जाड येते.

इथल्या नर्सिंग होममध्ये ह्यांना कॅशियरची जागा आणि मागे दोन खोल्यांचं क्वार्टर, बिनभाड्याचं. पुण्यात भाडं भरण्यातच जन्म गेला असता. समोर गव्हाची शेतं आहेत आणि शेतात सिमेंटचे खांब उगवलेत. प्रत्येक खांबाशी पाटी, पाटीवर फ्लॅटचं चित्र, चित्रात कारंजं. प्यायचं पाणी मात्र टँकरचं!

स्वयंपाकघराची खिडकी इमर्जन्सीच्या दाराकडे उघडते. बरंच आहे, माणसं दिसतील. देव पूर्वेला मांडले. शेवयांची खीर केली. मन प्रसन्न आहे.

शनिवार, ११ मार्च

इमर्जन्सीत दोन सिस्टर मराठी निघाल्या. सुमित्रा नागपूरची, माझ्याच वयाची, मला लगेच भानुवहिनी म्हणू लागली. रेवती तिशीची, दिल्लीतच जन्मलेली, वडील केंद्र सरकारात होते. तिचं मराठी निम्मं हिंदी. काकू, तुमचं पोहे एकदम बढिया, म्हणाली. मी म्हटलं, तुमचे गं, तुमचे.

दोघी येतात, पण एका वेळी नाही. वर्षभर अबोला आहे. इन्चार्जची जागा सुमित्राला मिळायची ती इंग्रजी येतं म्हणून रेवतीला दिली. तेव्हापासून एकमेकींच्या कपातला चहासुद्धा चालत नाही. मधे आया राधा. सुमित्रा भिंतीकडे बघून म्हणणार, राधे, तुझ्या मॅडमना सांग. रेवती दोन हातांवर उभी असते, तरी राधाने तेच पुन्हा सांगायचं. बाकीचे ह्याला बॉर्डर म्हणतात. मला हसू आलं.

बुधवार, १५ मार्च

ह्यांचा डबा द्यायला दुपारी इमर्जन्सीतून गेले. दोनला ड्युटी बदलते. जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेशी नेऊन पेशंट तोंडाने हवाली करते: ही अमुक, हिला हे झालं, एवढं औषध गेलं. येणारी ‘लिया’ म्हणाली की मगच पहिलीची सुटका. मला फार आवडली पद्धत. लेक सासरी देताना असंच तोंडाने सांगतात.

भिंतीकडच्या खाटेला हिरवा पडदा होता. त्यापाशी कोणी थांबलं नाही. राधाने रेडिओ मोठा केला. तेवढ्यात पडद्याआडून म्हातारीचा आवाज आला, दम लागलेला. बहनजी, अब मैं किसके पास हूँ?

सगळ्यांनी ऐकलं. माना खाली. माझा संताप झाला. मी म्हटलं, मेरे पास हैं, माताजी, आराम कीजिए.

सुमित्राच्या हातून ट्रे पडला. मी पडदा सारला. खाट रिकामी. नुसती लोखंडी खाट, गादीसुद्धा नाही.

गुरुवार, १६ मार्च

दुपारी घरात तांदूळ निवडत होते. शेजारी टाकलेल्या बाजेवर कोणीतरी श्वास घेत होतं. घरघर, मग शिट्टी, मग थांबणं. बाज रिकामी, पण सुतळी मधोमध खाली दबलेली.

घाबरायचं काय? घरी आलेल्याला पाणी विचारायची आपली रीत. भांडं भरून ठेवलं, रामरक्षा म्हटली. म्हणून होईपर्यंत घरघर थांबली. नंतर पुन्हा सुरू.

रविवार, १९ मार्च

होळी झाली, आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. मीच राधाला धरून आणलं. ती रडत बोलली. मागच्या सावनात दम्याची एक म्हातारी त्या खाटेवर होती. ऑक्सिजनचा सिलेंडर संपत आलेला सुमित्राने पाहिला होता. दोन वाजले. त्या दिवशी राधा रजेवर. सुमित्रा रेवतीला सांगणार कशी? पर्स उचलून निघून गेली. रेवतीनेही विचारलं नाही. सुमित्रा स्वतः बोलू दे आधी, म्हणाली. तासाभरात म्हातारी गेली. दिली कोणी नाही, घेतली कोणी नाही. तेव्हापासून रोज दोनला ती विचारते.

आणि आता मी घेतली.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, नोकरी जाईल, तोंड शिव. ह्यांना ती घरघर काही ऐकू येत नाही.

गुरुवार, २३ मार्च

मालकांनी हवन केलं. धुराने ठसका तेवढा लागला.

जिना चढताना मला धाप लागते. कधीच लागत नव्हती. आज नीट लक्ष दिलं. माझा श्वास आत जातो तेव्हा बाजेवरची गप्प असते. ती घेते तेव्हा माझा अडतो. हवा एकच आहे, दोघींत. ती दर वेळी जरा जास्त घेते.

सुमित्रा रजा टाकून नागपूरला गेली. न सांगता. पुन्हा न सांगता!

शनिवार, २५ मार्च

रेवतीला म्हटलं, चल, खाटेपाशी उभी राहा आणि तिला घे. ती दारातूनच म्हणाली, मी नाही हं काकू, बिल्कुल नाही, तुम्ही घेतली ना, मग तुम्हीच ठेवा. ओठ पांढरे पडले होते तिचे. दया आली, रागही आला.

तिला फसवणं सोपं होतं. गोड बोलून ‘लिया’ म्हणवून घ्यायचं. नाही करणार. फसवून दिलेलं देणं देवाला पोचत नाही. ज्यांनी टाकली त्यांनीच उभं राहून उचलावी. तोवर मी सोडत नाही, आणि मरतही नाही. बघू.

ह्यांनी सामान बांधायला काढलं. मी दोरी सोडली.

रविवार, २६ मार्च

आज चार शब्द— मग थांबायचं. ती घेते. मग पुन्हा मी.

तिला म्हटलं, माताजी, थोडं मला ठेवा, तुमचंच काम करायचंय. थांबली. खरंच थांबली— पाच ओळी लिहिण्याइतकी—

सोमवार, २७ मार्च

पत्र आधी इथे लिहिते. खाडाखोड होते. आंतर्देशीय फुकट नको जायला.

प्रिय सुमित्रा हिस, सप्रेम नमस्कार.
तुझी पेशंट माझ्याकडे आहे. तिला राग नाही. नुसतं विचारते. तू ये— रेवतीला मी हाताला धरून आणीन. तिच्या तोंडाकडे बघून बोल, भिंतीकडे नाही. काय झालं ते सांग आणि हवाली कर. रेवती घेईल. घ्यावीच लागेल. मग तिघी रडा हवं तर.
मी भीत नाही. तूही भिऊ नको.
आणि नाही आलीस तर— पत्ता राधाने दिलाय— मीच गाडीत बसते. तिकीट एकच लागेल. ती माझ्या छातीतच—
तुझ्या दारात उभी राहून ती विचारेल. तुझ्या माणसांसमोर. मी तिला गप्प नाही करणार.
येतेस की आम्ही दोघी येऊ, ते उलट टपाली कळव, लगेच, कारण आता ती माझ्या वाट्याचा—