तुमच्या दादांचं तोडलेलं पाणी

मु. तिवसा

अकोल्याचे महादेवराव भाऊजी यांले पार्बता वहिनीचा रामराम. वयानं मी मोठी, म्हणून आशीर्वादबी यातच धरून घ्या. जमुनाबाईचे गुडघे कसे हायेत? तुमची तब्येत विचारत नाही, तुमी खरं सांगत नाही. मी ठणठणीत हाये. तुमचे दादा कसे हायेत ते तुमीच मले कळवा, कारण ते तुमच्या ओसरीवर बसून चहा पिऊन राहिले अन् मी इथं त्यांच्या गोळ्यांच्या डब्याकडं पाहून राहिली. फोन केला की तुमी स्पीकरवर टाकता अन् दादा शेजारून कान देतात. म्हणून मी सांगून राहिली, सून मंजुषा लिहून राहिली.

दादा म्हणाले असतील, कृषी विद्यापीठात संत्र्याच्या खुंटासाठी जंबेरीची रोपं पाहायले आलो. खोटं हाये. बुधवारी अमरावतीले त्यांचं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन होतं. मी डबा भरून राहिली होती, तवर हे अकोल्याच्या बसमध्ये जाऊन बसले.

मूळ घोळ डॉक्टरीणबाईच्या पुढ्यात झाला. पोरगी हुशार. तिनं कागदावर काढून दाखवलं, की प्रोस्टेटच्या गाठीत दोन जीन तुटून एकमेकांले चिकटले. एक, पुरुषी हार्मोन मिळालं की जागा होणारा. दुसरा गाठ वाढवणारा, ज्यानं गप निजून राहायचं होतं. आता हार्मोन आलं की पहिला उठते अन् दुसऱ्यालेबी उठवते. दादा म्हणाले, म्हणजे जंबेरीवर बांधलेलं संत्र्याचं कलम. बाई खूश. म्हणाली, बरोबर बाबा, अन् इंजेक्शननं आपण त्याचं पाणी तोडतो. दादा तिच्याहून खूश. (शाळेत मास्तरानं कधी दिली नाही ती शाबासकी या वयात मिळाली.)

मले तवाच धडधडलं. संत्रेवाल्याले पाणी तोडा म्हटलं की त्याच्या डोक्यात पुढचं आपोआप येते: ताण बसला, पानं गळाली, आता पाणी सोडा, बहार फुटते. तसंच झालं. रक्तातला आकडा खाली आला अन् दादा म्हणाले, ताण पुरा झाला, याच्या वर ताणलं तर झाड वाळते. जन्मभर बाग केलेल्या माणसाले मी काय सांगू? त्यात इंजेक्शनानं अंगातून वाफा निघून राहिल्या, पंख्याखाली बनियन ओलं, अन् लेक चंदाच्या पोराच्या बारशात काही कारण नसताना रडले. मले पन्नाशीत हेच झालं तवा म्हणत होते, बायकांचे नखरे हायेत. (मंजुषा लाजून राहिली. म्हटलं लिही, घरातलंच हाये.) मी हसली. तुमीबी हसले असते.

आता हसू येत नाही, भाऊजी. बाईले फोन लावला तर म्हणाली, आजी, इंजेक्शन चुकलं की तोडलेलं पाणी आतून आपोआप सुरू होते, अन् ते कलम तहानलेलं बसलं हाये, मेलं नाही. जायच्या आधी दादा खाटेवरून कंबर धरून उठत होते. तेवढं मनातून जात नाही.

तर त्यांले समजावा. संत्र्याले ताण देतो तो बहार यावा म्हणून. हा ताण हाये बहार येऊच नये म्हणून. यात झाडाले नाही, त्या फाजील कलमाले उपाशी ठेवायचं हाये. माझ्या नावानं सांगू नका, उलटं करतील. सोमवारी बाईनं बोलावलं हाये.

घरचे सारे तुमची वाट पाहतात.

पार्बताबाईचा अंगठा

ता. क. एकट्याले बसवून देऊ नका, मूर्तिजापूरले उतरून परत अकोल्याले येतील. तुमी संगं या.

पुन्हा ता. क. बाईनं विचारलं, बाबांले सख्खा भाऊ हाये का? हे कलम मायबापाकडून येत नाही, ज्याच्या त्याच्या गाठीत बांधलं जाते; पण एकाले रोग निघाला की दुसऱ्यानं रक्त तपासून घ्यावं म्हणते. बारशाच्या पंगतीतून तुमी घडीघडी उठून मागच्या अंगणात जात होते, ते मी पाहिलं हाये. सोमवारी दादांच्या खाली तुमचं नाव लावलं हाये. जमुनाबाईले ठाऊक हाये. माझ्या नावानं सांगू नका म्हटलं ते सोडा, आता एकच करा, हे पत्र दादांले वाचून दाखवा. धाकट्याले दवाखान्यात न्यायचं हाये म्हटलं की ते तुमच्या आधी बसमध्ये जाऊन बसतील, अन् तुमच्यासाठी जागा धरून ठेवतील.