दोरीवरचा पंचा

परळ, बुधवार संध्याकाळ. भाद्रपद सरत आला.

पंचमहाभूतांपैकी तेज आणि वायू यांनी आमच्या गॅलरीवर बहिष्कार घातला आहे, याची इथे गंभीर नोंद असावी. अण्णांचा पंचा अजून दमटच. गणपतीला गावी जाताना ‘आठवड्यात येतो’ म्हणून दोरीवर ठेवून गेले. सुकत आला की पुन्हा सर येते.

आज फोन केला तर म्हणाले, “घाटात दरड आलीय रे. शिवाय हस्ताचं वाहन म्हैस. ती डुंबून उठल्याशिवाय मी काही निघत नाही.”

“म्हशीला विचारून कळवा,” मी म्हणालो. हसले.

मग जिन्यात खालचे सावंत भेटले. आमच्याच गावचे, आज दुपारी गाडीने परतले. “घाट कधीचा मोकळा झालाय. अण्णांना म्हटलं चला, जागा आहे. नको म्हणाले.”

वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. वर आलो, पंचा उलटा करून पुन्हा वाळत घातला. ही म्हणाली, “अहो, इस्त्री फिरवून कपाटात ठेवा तो.” ठेवला नाही. कपाटात गेला की मग... असो.

आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडे पाहुण्यासारखेच राहायचे. पाण्याचा पेलासुद्धा स्वतः विसळून ठेवायचे.

हस्त संपेल, पाऊस जाईल. मग अण्णांकडे कारण उरणार नाही, आणि ‘मला तिकडे यायचं नाही’ असं ते सरळ सांगतील, याची मला भीती वाटते.