मधली साधी काच

मी, खाली सही करणारी, रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराची विधवा आणि स्वतःही त्याच धंद्यातली कारागीर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, आपल्या मर्जीने आणि चष्मा नीट पुसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणाऱ्यांना मी जिन्यावरूनच परत पाठवले आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. माझी धाकटी जाऊ हिला माझे आरशाचे कपाट द्यावे. या घरात पाळणा हलला नाही, याची आठवण तिने मला आल्यागेल्या पाहुण्यांसमोर करून दिली. कपाट चांगले आहे, दार कुरकुरत नाही. आरसा आहे म्हणून मुद्दाम तिला देत आहे.

कलम २. काच कापायचे हिरे, पकडी, शिशाच्या पट्ट्या, त्या जोडायला डाख द्यायची हत्यारे आणि भट्टी माझ्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. ती माझ्याजवळच काम शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, डोक्यावर बसली असती. आता लेखी घ्यावे.

कलम ३. राहते घर आणि खालचा कारखाना चर्चला द्यावा, पण एका अटीवर. चर्चच्या पूर्वेच्या भिंतीतली खिडकी आम्हा नवराबायकोच्या हातची आहे. डावीकडे देवाचा निरोप घेऊन आलेला देवदूत, उजवीकडे मरिया आणि दोघांच्या मध्ये तळहाताएवढी साधी, बिनरंगाची काच. चर्चच्या समितीचे अध्यक्ष, जे लाकडाचे व्यापारी आहेत, त्यांना ही काच अर्धवट कामासारखी दिसते. पवित्र आत्म्याची खूण म्हणून कबूतर तिथे हवेच, असे त्यांचे म्हणणे. माणसाला लाकडातले कळते म्हणून काचेतलेही कळते असे नाही. तरी ती साधी काच जागेवर असेल तोवरच घर चर्चचे. ज्या दिवशी ती काढतील त्या दिवशी घर माझ्या जावेचे. वकीलसाहेब हे वाचून हसले. मी हसले नाही.

कलम ४. ते कबूतर केलेले आहे. माझ्या यजमानांनीच केले. पाच तऱ्हेच्या पांढऱ्या काचा जोडून, एकेक पीस वेगळे कापून. कापसात गुंडाळून खालच्या खणात ठेवले आहे. ते माझ्या शवपेटीत ठेवावे, म्हणजे प्रश्नच मिटला.

म्हातारीला चळ लागला असे कोणी म्हणू नये म्हणून कारण लिहिते.

माझे यजमान श्रद्धावान होते, पण एका ओळीपाशी अडत. दर रविवारी सगळे उभे राहून श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे आपण काय काय मानतो ते, म्हणतात. त्यात प्रभू कुमारी मरियेपासून जन्मला, ही ओळ आली की यांचे ओठ मिटत आणि पुढच्या ओळीला उघडत. शेजारी मी उभी, म्हणून मलाच ठाऊक. घरी आल्यावर म्हणायचे, "अगं, एका हातानं टाळी वाजत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खोटं कशाला बोलू?" मी चिडायचे.

अशा माणसाच्या वाट्याला नेमकी ही खिडकी आली. देवदूत झाला, मरिया झाली. कबुतराचे एक पीस भट्टीत बिघडले, ते पुन्हा करेपर्यंत वारा येऊ नये म्हणून यांनी मधल्या भोकात साधी काच बसवली. सकाळी आम्ही परात आणि झाडू घेऊन गेलो तेव्हा सूर्य वर आला होता. फरशीवर निळा, तांबडा, हिरवा सडा पडला होता, आणि मधोमध एक स्वच्छ पांढरा तुकडा. हे शिडीवरून उतरले, फरशीवर बसले आणि त्या उजेडात हात धरला.

"बघ ना," म्हणाले. "एवढं आत आलं, आणि काचेला कळलंसुद्धा नाही. तडा नाही, ओरखडा नाही." मग तोच हात उजेडात उलटा केला. "तिचं असंच झालं असेल का गं?"

माझ्या अंगावर काटा आला. हे लिहितानाही आला आहे.

तेव्हाचे फादर मागे येऊन उभे राहिले होते. यांनी विचारले, "ही अशीच राहू दिली तर?" फादर फरशीकडे पाहून म्हणाले, "राहू दे." त्याच आठवड्यात कबूतर पुरे झाले, पण ते खणातच राहिले. त्या रविवारी ती ओळ आली आणि माझे यजमान ती मोठ्याने म्हणाले, सगळ्यांच्या जरा आधीच. पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. मी रडत होते.

त्या दिवसापासून माझेही एक ओझे उतरले. मूल झाले नाही तेव्हा मला वाटे, घरात जे येते ते आपल्या पुण्याईने येते; आले नाही तर आपलेच काही चुकले. पण त्या मुलीने, मरियेने, काय केले होते? काहीच नाही. जगाच्या तारणाची सुरुवात तिच्यापाशी झाली, आणि त्यात माणसाची ना ताकद ना कर्तबगारी. देव आपण होऊन आला, आमच्यासारखेच हाडामांसाचे अंग घेऊन, दुधासाठी रडत. आणि येण्याआधी त्याने देवदूत पाठवून तिला विचारले! आकाश ज्याचे, तो एका पोरीच्या उत्तरासाठी थांबला. या विचारापाशी आले की माझ्या हातातला हिरा थांबतो.

कलम ५. इथवरचे मी भाचीला वाचून दाखवले. ती डाख देत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, ती मुलगी हो म्हणाली, तेव्हा तिनं काही अट घातली होती का?"

"अट कसली घालतेय! पोर होती ती."

"आणि देवानं?"

"त्यानंही नाही."

"मग तूच कशाला घालतेस?"

मी तिला कामाकडे लक्ष दे म्हणून सांगितले. मग माझेच लक्ष कामात लागेना.

सबब, कलम ३ मधली अट मी रद्द करीत आहे. घर आणि कारखाना चर्चला, बिनशर्त. कलम ४ ही रद्द. वकीलसाहेब नवे कोरे लिहून देतो म्हणाले, पण खोडलेले दिसले तरी चालेल. मी आहे ही अशी आहे.

कबूतर भाचीला द्यावे. बाळ, समितीने ते बसवायला बोलावले तर भांडू नकोस, जा. साधी काच तूच काढ, दुसऱ्याचा हात लागू देऊ नकोस. बसवून झाले की सकाळपर्यंत थांब. तुझ्या काकांनी त्या कबुतरात ऊन आलेले कधी पाहिलेच नाही. ते त्यातूनही येईल, आणि त्यालाही तडा जाणार नाही. तू आमच्या दोघांसाठी पाहा. आणि रविवारी ती ओळ मोठ्याने म्हण, सगळ्यांच्या जरा आधी.

स्थळ: कारखान्याची मागची खोली, उजेडाच्या बाजूला.
दिनांक: आजचा, वकीलसाहेब शिक्क्याखाली घालतील.

सही: काचवाल्या बाई (वरची खाडाखोड माझ्याच हातची)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई.
२. शेजारचे घड्याळजी. हे कोणत्याच देवळात जात नाहीत. सही करून झाल्यावर म्हणाले, "ती साधी काच काढायच्या आधी एकदा मला दाखवा." उद्या सकाळी नेणार आहे.