झाकली मूठ

प्रिय आई,
इथूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

या आठवड्यात मात्र शिसारी आली. वॉर्डातल्या एका शिक्षिकाबाईंना हुडहुडी भरून ताप आला. औषधासाठी मानेच्या शिरेत घातलेल्या नळीभोवती पू होता. नळीतून आणि हातातून घेतलेल्या रक्तात तपासणीत एकच जंतू वाढला, नळीतल्या रक्तात आधी. म्हणजे संसर्ग नळीचाच, आमच्याच हातून झालेला. तरी मोठे डॉक्टर बिस्कीट खात म्हणाले, "छातीचा संसर्ग लिही. झाकली मूठ राहू दे."

"सर, मुठीत पू आहे," मी म्हणाले आणि खरं तेच लिहिलं. नळी काढली, बाईंचा ताप उतरला. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत.

बाबांच्या डायलिसिसच्या नळीला हात लावण्याआधी तिथली नर्स हात धुते ना? धूत नसेल तर भीड धरू नकोस, भांड.

तुझी,
धाकटी